राज्य महामार्गाचा नंबर जातो तेव्हा रस्त्याचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं गाव फलटण आणि नातेपुते यांच्या मधलं. आमच्या दारातनं जाणारा रस्ता मी शाळेत होतो तेव्हा राज्य महामार्ग होता, आता तो राष्ट्रीय महामार्ग झालाय आणि दारातनं न जाता शंभर पावलं लांबनं जातो. दारात राहिलाय तो जुन्या रस्त्याचा तुकडा. त्या तुकड्यापायीच मला जुन्या रस्त्यांचा नाद लागला, आणि लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय.

राज्य महामार्ग "बंद झाला" म्हणजे गाड्या बंद होतात का?

नाही. बहुतेक वेळा डांबर जागेवरच असतं, गाड्याही चालू असतात, जातो तो नंबर आणि नंबरासोबत बदलतो तो मालक. काही रस्ते वर चढून राष्ट्रीय महामार्ग होतात, काही खाली उतरून जिल्हा मार्ग होतात, काही शहर वाढलं की महापालिकेच्या पदरात पडतात, आणि थोडे खरोखरच सुटतात, म्हणजे बोगदा झाला, नवा पूल झाला, धरण झालं आणि जुना तुकडा मागं राहिला. वर चढण्याला सरकारी भाषेत दर्जोन्नती म्हणतात. लोकांच्या भाषेत या सगळ्याला एकच नाव आहे, जुना रोड. फाट्यावर कुणालाही विचारा, "जुन्या रोडनं जा" एवढ्यावर पत्ता कळतो, नंबर कुणी सांगत नाही.

राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग हे ठरवतं कोण?

ही विभागणी १९४३ ची आहे. नागपूरला देशभरातले मुख्य इंजिनिअर जमले होते आणि तिथं पुढच्या वीस वर्षांच्या रस्त्यांचा आराखडा झाला, त्याला नागपूर प्लॅन म्हणतात, राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि गावचा रस्ता या पायऱ्या तिथून आल्या. आपल्याकडं कायद्याचा आधार म्हणजे १९५५ चा मुंबई महामार्ग अधिनियम, आता त्याला महाराष्ट्र महामार्ग अधिनियम म्हणतात. राज्य सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढली की रस्ता त्या वर्गात गेला, दुसरी काढली की बाहेर आला.

बांधकाम खात्याच्या कागदावर छोटी रूपं दिसतात, प्ररामा म्हणजे प्रमुख राज्य मार्ग, रामा म्हणजे राज्य मार्ग (हाच राज्य महामार्ग), प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामा म्हणजे ग्रामीण मार्ग. साधारणपणे पहिले तीन सार्वजनिक बांधकाम विभागाकडं आणि शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडं. एवढं पाठ करून ठेवा, कारण खड्ड्यांची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

रस्त्यावर ओळखायची खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर गावचा रस्ता.

मग जुने राज्य महामार्ग सगळ्यात जास्त गेले कुठं?

वरती. २०१४ नंतर तर राज्य मार्ग राष्ट्रीय करायचा सपाटाच लागला आणि आज महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गांची लांबी १८ हजार किलोमीटरच्या आसपास गेलीय. नाशिकहून सिन्नर, शिर्डी, नगर, दौंड, बारामती, फलटण असा खाली उतरणारा १६० नंबर घ्या, यातले किती तुकडे आपण वर्षानुवर्षं "नगर-मनमाड रोड", "दौंड रोड", "बारामती रोड" म्हणत आलो. गुहागर-चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कराडला येणारा रस्ता आता १६६ ई आहे. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, आळेफाटा, नगर, पाथर्डी करत परभणी-नांदेडकडं जाणारा रस्ता आधी राज्य मार्ग, मग राष्ट्रीय २२२ आणि मग ६१, एकाच डांबरानं तीन ओळखी बघितल्या.

आणि आमचा पालखी मार्ग. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्या रस्त्यानं सासवड, जेजुरी, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस करत पंढरीला जाते तो आता ९६५, आणि तुकोबारायांचा पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज हा रस्ता ९६५ जी. नोव्हेंबर २०२१ मध्ये या दोन्हींच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं. वारकऱ्यांना यातला एकही नंबर माहीत नसेल, त्यांच्यासाठी चांदोबाचा लिंब, म्हणजे तरडगावच्या अलीकडची रिंगणाची जागा, कुठं आला आणि मुक्काम किती लांब राहिला हाच हिशोब.

हे नंबर असे विचित्र का?

२०१० साली देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नव्यानं नंबर दिले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आणि उत्तरेकडून दक्षिणेकडं वाढत जाणारे, उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आणि पूर्वेकडून पश्चिमेकडं वाढत जाणारे. तीन आकडी असेल तर शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे, म्हणजे १६० ही ६० ची शाखा आणि १६६ ही ६६ ची. म्हणून पुणे-बंगळूर रस्ता ४ चा ४८ झाला, मुंबई-गोवा १७ चा ६६ झाला, पुणे-सोलापूर ९ चा ६५ आणि पुणे-नाशिक ५० चा ६०. इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडं ट्रकवाले "एनएच फोर"च म्हणतात आणि समोरच्याला बरोबर कळतं.

रस्ता चौपदरी झाल्यावर जुन्या वळणांचं काय होतं?

नवीन रस्ता सरळ काढतात, जुना रस्ता ओढा चुकवत, टेकाड चुकवत, कुणाच्या विहिरीला वळसा घालत गेलेला असतो. सरळ रेष मारली की प्रत्येक वळणाचा कोयता बाजूला पडतो. आमच्या दारातला तुकडा असाच आहे, साडेतीनशे पावलं भरतो, मी मोजलाय. एका टोकाला नवीन रस्त्याचा भराव त्याच्या अंगावर आलाय म्हणून गाडी चढत नाही, दुसरं टोक सर्व्हिस रोडला मिळतं. सुगीत त्यावर ज्वारीची कणसं पसरतात, कारखाना चालू झाला की उसाच्या ट्रॉल्या रात्री लावून ठेवतात, आणि उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळतात कारण सपाट जागा दुसरी कुठं नाही.

मोरीच्या अलीकडं किलोमीटरचा दगड अजून उभा आहे. अर्धा मातीत गेलाय, मी एकदा खुरप्यानं माती काढली तर खाली "फलटण" आणि आकड्याचा अर्धा भाग निघाला. डोक्यावरचा हिरवा रंग नखानं खरवडला की पापुद्रे सुटतात, एकाखाली एक तीन थर हिरवेच, म्हणजे दर काही वर्षांनी कुणीतरी डबा-ब्रश घेऊन आलं होतं. पिवळा थर त्यावर कधी चढलाच नाही, कारण रस्ता राष्ट्रीय झाला तोपर्यंत हा तुकडा रस्त्यातनं वगळला होता. नवीन रस्त्यावर पिवळ्या डोक्याचे नवे दगड लागलेत, पण हा हिरवा मला त्या सगळ्यांपेक्षा जवळचा आहे.

असा सुटलेला तुकडा कोणाच्या मालकीचा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त मनस्तापही इथंच आहे. नियम असा की राष्ट्रीय महामार्गाची जमीन १९५६ च्या कायद्यानं केंद्राकडं निहित होते. बायपास झाला किंवा वळण सुटलं की जुना भाग यादीतून वगळायचा, त्याआधी एकदा चांगली दुरुस्ती करून द्यायची, त्याला वन टाइम इम्प्रूव्हमेंट म्हणतात, आणि मग राज्याच्या बांधकाम विभागाला किंवा स्थानिक संस्थेला कागदोपत्री हस्तांतर करायचा. अडकतं ते मधल्या काळात. नवीन रस्त्यावरून गाड्या पळायला लागलेल्या असतात, जुना तुकडा देणाऱ्यानं मनातनं सोडलेला असतो आणि घेणाऱ्यानं अजून घेतलेला नसतो.

आमच्या तुकड्यावरची मोरी एका पावसाळ्यात खचली. आधी महामार्गवाल्यांच्या ऑफिसात गेलो, ते म्हणाले हा भाग आता आमच्या अलाइनमेंटमध्ये नाही, मग दुसऱ्या ऑफिसात गेलो तर म्हणाले आमच्या ताब्यात आलाच नाही, तिसरीकडं सांगितलं की आमच्या रस्त्यांच्या यादीत नावच नाही. अर्ज तिन्हीकडं दिले, पोच तिन्हींची आहे. शेवटी दोन दिवस सगळ्यांनी मिळून मुरूम टाकला, एका भाऊबंदानं ट्रॅक्टर दिला, आणि ती मोरी आजही त्याच मुरमावर आहे.

नंतर एका निवृत्त शाखा अभियंत्यानं सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. "रस्ता कुणाचा?" असं विचारायचंच नाही, त्याचं उत्तर कुणी देत नाही. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा स्टॅम्प लावून अमुक गावाजवळच्या अमुक ते अमुक किलोमीटर या भागाच्या हस्तांतरण पत्राची प्रत मागायची, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. पत्र असेल तर मालक कळतो. पत्र नसेल तर "उपलब्ध नाही" असं लेखी येतं, म्हणजे रस्ता अजून देणाऱ्याच्याच गळ्यात आहे हे लेखी मिळालं. आम्हाला तसंच मिळालं, आणि त्यानंतर निदान बोलणं तरी एकाच टेबलावर सुरू आहे.

"तत्त्वतः मंजूर राष्ट्रीय महामार्ग" म्हणजे काय?

केंद्रानं म्हणायचं की हा राज्य मार्ग राष्ट्रीय करायला तत्त्वतः हरकत नाही, पण शेवटची अधिसूचना काढायची नाही. मग राज्य म्हणतं आता हा केंद्राचा होणार, आपण कशाला पैसे घालायचे, आणि केंद्राकडं तो अजून आलेला नसतो. असे रस्ते वर्षानुवर्षं लोंबकळत राहिले आणि त्या काळात त्यांची जी अवस्था झाली ती मराठवाडा-विदर्भातल्या माणसांना सांगायची गरज नाही. माझं स्पष्ट मत आहे की अधिसूचना निघेपर्यंत रस्ता सांभाळायची जबाबदारी जुन्या मालकाचीच आहे, आणि हे ठणकावून सांगितलं पाहिजे.

शहरातले जुने महामार्ग आता कुठं दिसतात?

तुम्ही रोज त्यावरून जाता. मुंबईतला एलबीएस मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड, एस. व्ही. रोड म्हणजे जुना घोडबंदर रोड. ठाण्याहून बाळकूम, कशेळी करत भिवंडीला जाणाऱ्या रस्त्याला अजून जुना आग्रा रोडच म्हणतात. पिंपरी-चिंचवडमधून दापोडी ते निगडी हा मूळचा पुणे-मुंबई महामार्ग, आता त्यावर महापालिकेची कामं होतात. पुण्यात स्वारगेट ते कात्रज हाही महामार्गच होता, देहूरोड-कात्रज बायपास झाला आणि महामार्ग चांदणी चौकाकडनं वळून गेला. मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, महापालिकेकडं द्यायचं ठरलं, म्हणजे हा प्रकार जुन्या काळापुरता नाही, आत्ताही चालू आहे.

शहरात रस्ता महापालिकेकडं जाणं मला पटतं. एकदा दोन्ही बाजूला दुकानं, शाळा, दवाखाने झाले की तो रस्ता महामार्ग उरत नाही, तिथं फूटपाथ पाहिजे, सिग्नल पाहिजे, ड्रेनेज पाहिजे, आणि लांबच्या गाड्यांचा विचार करणाऱ्या खात्याला ते सुचत नाही. अडचण पैशाची होते. मोठ्या महापालिकेला झेपतं, छोट्या नगरपालिकेच्या गळ्यात आठ-दहा किलोमीटरचा रुंद रस्ता पडला की दिवाबत्तीचं बिल भरताना नाकी नऊ येतात.

दारूच्या दुकानांसाठी महामार्गांचे दर्जे बदलले होते, ते काय प्रकरण?

डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, १ एप्रिल २०१७ पासून लागू, पुढं २० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेल्या भागात अंतर २२० मीटर केलं. त्यावर पळवाट निघाली ती रस्त्याचा दर्जाच उतरवायची, राज्य महामार्ग राहिला नाही तर नियम कसला. चंदीगडनं शहरातल्या रस्त्यांचे दर्जे बदलले, आपल्याकडंही तशा हालचाली झाल्या. जुलै २०१७ मध्ये कोर्टानं स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या परवानाधारकांना ती बंदी लागू नाही. अपघात कमी व्हावेत म्हणून निघालेल्या आदेशातून रस्त्यांचा दर्जा कागदावर खाली आला, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. रस्त्याचा दर्जा त्यावरच्या रहदारीवर ठरायला पाहिजे, बाजूला कसलं दुकान आहे त्यावर नाही.

जुन्या घाटांचं काय झालं?

घाट सहसा मरत नाहीत. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० चा, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेस वे पूर्ण झाला तरी खोपोलीकडून चढणारा जुना घाट चालूच आहे आणि त्यात शिंग्रोबाचं देऊळ आहे. शिंग्रोबा म्हणजे इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्यालाच मारलं असं लोक सांगतात. अजूनही ड्रायव्हर गाडी हळू करून तिथं नाणं टाकतात. त्याच १८३० सालातला अमृतांजन पूल मात्र एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये स्फोट करून पाडला, त्याच्या खांबांमुळं एक्सप्रेस वे तिथं अरुंद व्हायचा आणि अपघात व्हायचे. कारण मला मान्य आहे, पण १९० वर्षांची दगडी कमान होती ती, दगड नीट उतरवून कुठंतरी परत उभी करायला हवी होती असं आजही वाटतं.

खंबाटकीत वेगळीच वाटणी झाली, साताऱ्याहून पुण्याला येताना बोगदा आणि पुण्याहून जाताना जुना घाट, म्हणजे जुना रस्ता अर्ध्या कामाला ठेवला. तिथं आता सहापदरी नवीन बोगद्यांचं काम हाती घेतलंय, ते पूर्ण झालं की जुन्या घाटावर खामजाईच्या देवळाला थांबणाऱ्या गाड्याच राहतील. कात्रजचा जुना बोगदा नवीन बोगद्यानंतरही चालू आहे, स्थानिक लोक तिथूनच जातात. मुंबई-गोवा रस्त्यावर कशेडीचा बोगदा झाला आणि पोलादपूर-खेडमधला नागमोडी घाट निवांत झाला.

आणि या सगळ्यांचा आजोबा म्हणजे नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा, वरच्या दगडी रांजणात जकात गोळा व्हायची असं सांगतात. त्यावरची व्यापारी वाहतूक कधीच संपली, पण फरसबंदी अजून पायाखाली लागते.

जुने पूल वापरात ठेवणं सुरक्षित असतं का?

पुलाची तपासणी होते का यावर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि त्यासोबत दोन एसटी बस आणि एक तवेरा गाडी गेली. शेजारी नवा पूल होता, जुन्यावरून एका बाजूची वाहतूक चालू ठेवली होती. त्यानंतर १६५ दिवसात तिथं नवा पूल उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला झाला. इतक्या लवकर पूल बांधता येतो तर आधी का नाही, हा प्रश्न कोकणातल्या प्रत्येक घरात विचारला गेला. जुना रस्ता खालच्या दर्जाला गेला की पुलांची तपासणी पण खालच्या पायरीवर जाते, माझी मुख्य भीती हीच आहे. रस्त्याचा दर्जा उतरवा, पण पुलाची तपासणी महामार्गाच्याच नियमानं ठेवा.

धरणात गेलेले रस्ते परत दिसतात का?

उन्हाळ्यात दिसतात. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावं हलली, पळसदेवचं जुनं देऊळ दुष्काळाच्या वर्षी पाण्याबाहेर येतं तेव्हा आजूबाजूला जुन्या वाटाही उघड्या पडतात. तिथंच भिगवणजवळ डिकसळचा पूल आहे, मूळचा इंग्रजांच्या रेल्वेचा. धरणामुळं रेल्वे दुसरीकडून नेली आणि पुढं कित्येक वर्षं करमाळ्याकडची वाहतूक त्या पुलावरून चालली. रेल्वेनं सोडलेलं रस्त्यानं उचललं अशी उदाहरणं फार थोडी.

रस्ता सुटला तर जमीन मूळ शेतकऱ्याला परत मिळते का?

सहसा नाही, आणि यात कुणाच्या नादी लागू नका. संपादन करून, मोबदला देऊन घेतलेली जमीन सरकारची झाली. २०१३ च्या कायद्यात ताबा घेतल्यावर पाच वर्षं न वापरलेल्या जमिनीची तरतूद आहे, पण ज्यावर चाळीस वर्षं रस्ता होता ती वापरलेलीच जमीन. "सातबारा परत नावावर करून देतो" म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. जुना तुकडा शेतात ओढून घेणारेही आहेत, बांध सरकवत सरकवत अर्धं डांबर नांगरून टाकतात. ती जागा उद्या गावाला बसथांब्याला, पाण्याच्या टाकीला, झाडांना उपयोगी पडणार असते, ग्रामपंचायतीनं वेळेवर ठराव करून मागून घ्यावी.

दर्जा बदलला की बांधकामाचं अंतर मात्र बदलतं. इमारत रेषा (रस्त्यापासून एवढ्या अंतरात बांधकाम नको) आणि नियंत्रण रेषा (एवढ्या अंतरात परवानगीशिवाय बांधकाम नको) रस्त्याच्या वर्गावर ठरतात, म्हणून घर बांधण्याआधी रस्ता आज कुठल्या वर्गात आहे ते लेखी घ्या.

जुना रस्ता म्हणजे टोल नाही, बरोबर?

प्रत्येक ठिकाणी नाही. जुन्या पुणे-मुंबई महामार्गावर सोमाटणे आणि वरसोलीला टोल आहेच.

बायपास झाल्यावर गावाचं काय होतं?

गावात शांतता येते, पोरं रस्ता ओलांडू शकतात, धूळ कमी होते, हे खरं आहे आणि ज्यांनी दारात अपघात बघितलेत ते बायपासला कधीच नावं ठेवत नाहीत. पण जुन्या स्टँडवर चहा, भेळ, पंक्चर, रसवंती यावर जगणारी घरं असतात. माझ्या चुलत्यांची रसवंती होती, गाडी थांबली की घुंगरांचा आवाज ऐकून माणसं उतरायची. नवीन रस्ता चालू झाला त्या उन्हाळ्यात चरक दिवसाला दोन-तीनदा फिरायचा, पुढच्या वर्षी त्यांनी तो विकला. त्यांना मोबदला नाही कारण त्यांची जमीन गेली नव्हती, गेलं ते गिऱ्हाईक, आणि त्याचा पंचनामा होत नाही.

दुसरी अडचण एसटीची. लांब पल्ल्याच्या गाड्या गावात न येता बायपासला उतरवतात, रात्री अकरा वाजता म्हातारं माणूस पिशवी घेऊन अंधारात एक-दीड किलोमीटर चालत येतं. यावर उपाय आहे, ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आगार व्यवस्थापकाकडं जा, बायपासच्या दोन्ही तोंडाला दिवा आणि शेड मागा. आषाढीला पालखी येते ती मुक्कामासाठी जुन्याच रस्त्यानं गावात येते, त्या दिवशी पूर्वीसारखी गर्दी होते आणि चुलते अजूनही दारात पाण्याचा रांजण भरून ठेवतात.

रस्त्याकडेच्या झाडांचा मालक कोण?

रस्त्याचा जो मालक तोच. वड, चिंच, लिंब, आंबा, त्यांच्या खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे असायचे, नंबर टाकलेला असायचा, चिंचेचा लिलाव व्हायचा. पूर्वी मैलकुली होते, आपापल्या तुकड्यातली गटारं काढायची, खड्डे भरायचे, रोपांना पाणी घालायचं, त्यांच्या हातची ही झाडं. चौपदरीकरणात बरीच गेली. जी वाचली ती बहुतेक सुटलेल्या वळणांवर वाचली. आमच्या तुकड्यावर नऊ लिंब आणि एक वड आहे, गेरूचा पट्टा अजून पुसट दिसतो. जुना तुकडा वाचवायला मला दुसरं कुठलं कारण लागत नाही.

बाहेरच्या देशात अशा रस्त्यांचं काय करतात?

अमेरिकेतला रूट ६६ सगळ्यांना माहीत आहे, १९८५ मध्ये त्याचा नंबर अधिकृतपणे काढून टाकला. नंतर लोकांनीच मागणी लावून धरली आणि आता त्या जुन्या तुकड्यांवर ऐतिहासिक रस्ता म्हणून पाट्या आहेत, माणसं मुद्दाम तिथून जातात. तिकडं राहणारे आपले मराठी लोकही जाऊन फोटो टाकतात, तेव्हा मला बोरघाटाची आठवण येते. आपल्या गोव्यात पणजी-रायबंदरचा पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला दगडी बांधरस्ता आजही वापरात आहे.

खड्ड्याची तक्रार कुठं करायची?

राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ नंबर किंवा राजमार्गयात्रा ॲप. राज्य मार्ग किंवा प्रजिमा असेल तर बांधकाम विभागाचा उपविभाग, आणि "आपले सरकार" पोर्टल. शहरात महापालिका. कुठला रस्ता ते माहीत नसेल तर दगडाचा फोटो काढा, डोक्याचा रंग आणि आकडा दोन्ही दिसले पाहिजेत.

जुना रस्ता शोधायचा कसा?

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आणि आजचा सॅटेलाइट व्ह्यू शेजारी ठेवून बघा. नवीन रस्त्याच्या बाजूला झाडांची वाकडी रांग दिसली की तिथं जुनं वळण आहे असं समजा, शेतकरी बांधावर झाडं इतकी सारख्या अंतरावर लावत नाही. मग तिथं जाऊन मोरी शोधा, मोरीच्या कठड्यावर बऱ्याचदा साल कोरलेलं असतं, आणि मोरीच्या आसपास दगड. जाताना खुरपं आणि पाण्याची बाटली न्या, दगड निघाला की धुऊन आकडा वाचा, आकडा लिहून घ्या, आणि माती परत लोटू नका, तो दगड उघडाच राहू द्या.